पहिली शिकवणी घेणाऱ्यांसाठी

जून उजाडला की नाशिकमधल्या सिडको, इंदिरानगर आणि पंचवटीतल्या इमारतींच्या फाटकांवर ‘घरगुती शिकवणी घेतली जाईल’ अशा हाताने लिहिलेल्या पाट्या दिसू लागतात. बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षातली मुले, नोकरी सोडून घरी असलेल्या गृहिणी, निवृत्त बँक कर्मचारी असे अनेक जण दरवर्षी या कामात पहिल्यांदा उतरतात. विषय त्यांना येत असतो, पण शिकवणीच्या तासात नेमके काय करायचे याची कल्पना बहुतेकांना नसते. मी आठवी ते दहावीच्या राज्य मंडळाच्या मुलांना गणित आणि विज्ञान शिकवते, त्यामुळे पुढची उदाहरणे त्याच इयत्तांची आहेत.

माझी पहिली विद्यार्थिनी नववीत होती. मी रोज दीड तास उदाहरणे सोडवून दाखवत असे, ती सुबक अक्षरात उतरवून घेत असे, आणि ‘कळलं का?’ असे विचारले की मान डोलवत असे. सहामाहीत तिला गणितात चाळीसपैकी अकरा गुण मिळाले. वही उघडून पाहिली तेव्हा पेपरातली निम्म्याहून अधिक उदाहरणे थोड्याफार फरकाने तिच्या वहीत होतीच. फक्त ती सगळी मी सोडवलेली होती. शाळेत एकदा झालेला तास घरी पुन्हा घेणे म्हणजे शिकवणी, अशी माझी समजूत होती. ती मोडायला त्या मुलीचे एक सत्र खर्ची पडले, याचे मला आजही वाईट वाटते.

सुरुवात करण्यापूर्वी

तुम्ही सध्या एखाद्या शाळेत शिक्षक असाल, तर बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या २००९ च्या कायद्यातील कलम २८ प्रमाणे शिक्षकाला खाजगी शिकवणी घेता येत नाही, हे आधीच लक्षात घ्यावे. केंद्र सरकारने जानेवारी २०२४ मध्ये कोचिंग केंद्रांसाठी जी मार्गदर्शक तत्त्वे काढली, त्यांत पन्नासपेक्षा अधिक विद्यार्थी असलेली केंद्रे धरलेली आहेत. सोळा वर्षांखालील मुलांना त्यांनी प्रवेश देऊ नये आणि गुणांची किंवा क्रमांकाची हमी देणाऱ्या जाहिराती करू नयेत, असे त्यांत सांगितले आहे. घरच्या हॉलमध्ये चार मुले बसवणाऱ्याला ही व्याख्या लागू होत नाही, पण हमी न देण्याचा नियम त्यानेही स्वतःहून पाळावा. ‘नव्वदच्या पुढे नेतो’ असे पालकांना सांगणारा माणूस त्या वाक्याचे ओझे शेवटी मुलाच्याच डोक्यावर ठेवत असतो.

एका वेळी किती मुले घ्यावीत, याबद्दल माझे मत पक्के आहे: पहिल्या वर्षी चारपेक्षा जास्त नकोत, आणि ती शक्यतो एकाच इयत्तेची व एकाच माध्यमाची असावीत. सातवी आणि दहावीची मुले एकत्र बसवली की एकाला गप्प ठेवण्यासाठी काम द्यावे लागते आणि त्या कामाकडे नंतर कोणी बघत नाही. फी, सुट्ट्या आणि चुकलेल्या तासांचा हिशेब पहिल्याच दिवशी आई-वडिलांसमोर बोलून घ्यावा. ओळखीच्या घरात पैशाचे बोलायला संकोच वाटतो, आणि दिवाळीच्या महिन्याची फी अर्धी द्यायची की पूर्ण, यावरून त्याच ओळखीत कटुता येते.

पहिली भेट

पहिल्या दिवशी काहीही शिकवू नये. मुलाला मागच्या वर्षाच्या उत्तरपत्रिका, शाळेच्या वह्या आणि पाठ्यपुस्तक आणायला सांगावे, आणि साधारण दीड तासात तीन गोष्टी तपासाव्यात.

पहिली गोष्ट वाचनाची. विज्ञानाच्या पुस्तकातला एक परिच्छेद मोठ्याने वाचायला लावावा, पुस्तक मिटावे आणि त्यात काय सांगितले होते ते विचारावे. दहावीची अनेक मुले अडखळत वाचतात, आणि त्यांच्या प्रत्येक विषयातल्या कमी गुणांचे मूळ तिथेच असते. अशा मुलाला शाब्दिक उदाहरणे येत नाहीत, कारण उदाहरण गणितात शिरण्याआधी भाषेतच अडकलेले असते. रोज दहा मिनिटे मोठ्याने वाचून घेण्याला मी अशा मुलाच्या बाबतीत कोणत्याही सूत्रापेक्षा अधिक महत्त्व देते. घराजवळच्या वाचनालयाचे सभासदत्व घ्यायला पालकांना जरूर सांगावे. १८४० मध्ये स्थापन झालेले सार्वजनिक वाचनालय ज्या गावात आहे, तिथल्या मुलांच्या हाती पाठ्यपुस्तकाखेरीज दुसरे पुस्तक नसणे बरे दिसत नाही.

दुसरी गोष्ट पायाभूत गणिताची. वजा सात अधिक तीन किती, दोन तृतीयांश आणि एक चतुर्थांश यांची बेरीज किती, बाराशे रुपयांचे पंधरा टक्के किती, असे आठ-दहा छोटे प्रश्न कागदावर द्यावेत. दहावीचा मुलगा अपूर्णांकांच्या बेरजेत छेदांचीही बेरीज करत असेल, तर वर्गसमीकरणे काही दिवस बाजूला ठेवून पाचवी-सहावीच्या पुस्तकाकडे जावे लागते. बालभारतीची पाठ्यपुस्तके तिच्या संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात, त्यामुळे खालच्या इयत्तेचे पुस्तक मोबाइलवर उघडून काम सुरू करता येते. मुलाला त्यात कमीपणा वाटू नये म्हणून मी इयत्तेचा उल्लेख करत नाही. ‘आज अपूर्णांकांचे प्रश्न’ एवढेच म्हणते.

तिसरी गोष्ट सवयींची, आणि ती मुलाशी एकट्याशी बोलून समजून घ्यावी. घरी कुठे बसतोस, किती वाजता, मोबाइल कुणाकडे असतो, अभ्यास करायचा म्हणजे तू नेमके काय करतोस, हे विचारावे. ‘वाचतो’ असे उत्तर जवळजवळ सगळी मुले देतात. वन रूम किचनमध्ये पाच माणसे राहत असतील आणि संध्याकाळी टीव्ही चालू असेल, तर ‘एकाग्र हो’ हा सल्ला निरर्थक आहे. त्या मुलासाठी पहाटेची वेळ किंवा जवळची अभ्यासिका शोधणे हे शिकवणीच्या कामाचाच भाग आहे.

एखादे मूल तोंडी उत्तरे अचूक देत असेल आणि लिहिताना मात्र अक्षरांची सतत उलटापालट करत असेल, तर आपण स्वतः निदान करू नये आणि त्याला आळशीही म्हणू नये. पालकांना शाळेशी बोलायला सांगावे. अध्ययन अक्षमतेचे रीतसर प्रमाणपत्र असलेल्या विद्यार्थ्यांना वाढीव वेळ, लेखनिक अशा सवलती मंडळाकडून मिळतात, पण त्यासाठीचा प्रस्ताव शाळेमार्फत विभागीय मंडळाकडे वेळेत जावा लागतो. परीक्षा तोंडावर आल्यावर धावपळ करून त्याचा उपयोग होत नाही.

चूकवही

माझ्या शिकवणीत प्रत्येक मुलाकडे एक शंभर पानी वही वेगळी असते. तिला आम्ही चूकवही म्हणतो. शाळेच्या चाचणीत, गृहपाठात किंवा माझ्यासमोर जे चुकले ते त्यात तारखेसह लिहायचे, आपण काय लिहिले होते ते तसेच ठेवायचे, चूक कशामुळे झाली ते एका वाक्यात स्वतःच्या शब्दांत लिहायचे, आणि आठवड्याने तोच प्रश्न उत्तर झाकून पुन्हा सोडवायचा. नव्या शिक्षकाने या लेखातली एकच गोष्ट उचलायची ठरवली, तर ती ही असावी.

वहीतले ते एक वाक्य मिळवणे हेच खरे कष्टाचे काम आहे, कारण मुले तिथे ‘सिली मिस्टेक’ असे लिहून मोकळी होतात. मागे आडगावकडचा, घरची द्राक्षबाग असलेला एक मुलगा माझ्याकडे येत असे. ७, १३, १९ या अंकगणिती श्रेढीचे विसावे पद काढा, या प्रश्नाला त्याने १२७ असे उत्तर लिहिले होते. बरोबर उत्तर १२१ आहे. सूत्र पुन्हा फळ्यावर लिहून देण्याचा मोह मला झाला, तो आवरून मी त्याला म्हटले, “तुझ्याच पद्धतीने दुसरे पद काढ बरं.”

“सात, आणि बे सक बारा. एकोणीस.”

“प्रश्नात दुसरे पद किती दिलंय?”

“तेरा.” तो थोडा वेळ वहीकडे बघत राहिला. “एक सहा जास्त धरला गेलाय, ताई.”

“बागेत एका ओळीत वीस खांब आहेत. मधली अंतरे किती?”

“एकोणीस,” तो लगेच म्हणाला, आणि मग हसला. चूकवहीत त्याने लिहिले: ‘खांब मोजले, अंतरे मोजायची होती.’ सूत्रात पदांच्या संख्येतून एक का वजा करायचा, हे त्याला पुन्हा कधी सांगावे लागले नाही. त्या दहा मिनिटांत मी एकूण तीन वाक्ये बोलले होते, आणि ती तिन्ही वाक्ये त्याने काय लिहिले आहे ते नीट वाचल्याशिवाय सुचली नसती.

महिनाभराने चूकवही चाळली की चुकांचे गट दिसू लागतात. काही चुका संकल्पना न कळल्याच्या असतात, काही सूत्र किंवा व्याख्या विसरल्याच्या, काही हिशेबातल्या घाईच्या, आणि नवख्या शिक्षकाला आश्चर्य वाटेल इतक्या चुका प्रश्न नीट न वाचल्याच्या असतात. वर्तुळाचा व्यास १४ सेमी दिलेला असतो, मूल तीच त्रिज्या धरते, आणि १५४ चौरस सेमीच्या जागी ६१६ लिहून येते. या मुलाला महत्त्वमापन पुन्हा शिकवून काही साधत नाही. प्रश्नातल्या दिलेल्या गोष्टींखाली पेन्सिलीने रेघ मारून त्या आधी स्वतंत्र लिहायच्या, ही सवय त्याला लावावी लागते. उलट, ज्याला समरूपता म्हणजे काय हेच कळलेले नाही, त्याला ‘लक्ष देऊन वाच’ असे सांगणे हा अन्याय आहे. चूक कोणत्या प्रकारची आहे हे ओळखल्याखेरीज उपाय करू नये.

तासाची आखणी

एक तासाची शिकवणी असेल तर पहिली दहा मिनिटे मागच्या वेळच्या गोष्टी पुस्तक न उघडता आठवून लिहिण्यासाठी ठेवावीत. पाच प्रश्न, कोरा कागद, गुण नाहीत. मुलांना हे सुरुवातीला आवडत नाही, कारण आठवत नाही हे त्यात उघडे पडते. पण आठवण्याच्या त्या धडपडीतच लक्षात राहण्याचे काम होत असते. रोडिगर आणि कार्पिके या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असे दिसले की उतारा पुन्हापुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत अधिक आठवले, परंतु दोन दिवसांनी आणि आठवड्याने घेतलेल्या चाचणीत वाचनाऐवजी आठवून लिहिण्याचा सराव केलेले विद्यार्थी पुढे होते. आदल्या रात्री वाचलेले सकाळी येते आणि प्रिलिममध्ये येत नाही, या नेहमीच्या तक्रारीचे कारण पालकांना समजावून सांगताना मला हा प्रयोग फार उपयोगी पडतो.

त्यानंतरची वीस-पंचवीस मिनिटे नव्या भागासाठी असावीत. एक उदाहरण तुम्ही पूर्ण सोडवावे, दुसऱ्यात अधल्यामधल्या पायऱ्या रिकाम्या ठेवून त्या मुलाकडून भरून घ्याव्यात, आणि तिसरे त्याने एकट्याने सोडवावे. तिसरे चालू असताना बोलायचे नाही. हे नव्या शिक्षकाला सर्वांत जड जाते. मूल थांबले, पेन चावू लागले की आपल्या तोंडातून पुढची पायरी निसटते. मी एके काळी मनातल्या मनात साठ आकडे मोजत असे, आणि बहुतेक वेळा चाळिशीच्या आसपास मूल स्वतःच पुढे लिहू लागे. साठ आकडे झाल्यावरही अडले तर उत्तर सांगण्याऐवजी ‘काय दिलंय, काय काढायचंय?’ एवढेच विचारावे.

शेवटची दहा मिनिटे मुलाने तुम्हाला शिकवण्यासाठी ठेवावीत. ‘कळलं का?’ हा प्रश्न मी वापरणे बंद केले आहे, कारण त्याचे उत्तर नेहमी ‘हो’ असते. त्याऐवजी ‘भिंगाची नाभी म्हणजे काय, मला समजावून सांग’ असे म्हणावे. वाक्य जिथे अडखळेल तिथून उद्याचा तास सुरू करावा.

उजळणी

हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने निरर्थक अक्षरसमूह स्वतः पाठ करून विसरण्याचा वेग मोजला आणि १८८५ मध्ये आपले निष्कर्ष मांडले: विसरणे सुरुवातीला फार वेगाने होते आणि पुढे त्याचा वेग मंदावतो. यातून निघणारी व्यवहारातली गोष्ट अशी की पहिली उजळणी लवकर करावी आणि पुढच्या उजळण्यांमधले अंतर वाढवत न्यावे. आम्ही दुसऱ्या दिवशी, चौथ्या दिवशी, दोन आठवड्यांनी आणि मग महिन्याने असे दिवस ठरवतो आणि ते धड्याच्या पहिल्या पानावर पेन्सिलीने लिहून ठेवतो. रासायनिक सूत्रे, व्याख्या, इतिहासातल्या सनावळ्या आणि इंग्रजी शब्द यांसाठी जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूंची कार्डे कापावीत. एका बाजूला प्रश्न, दुसऱ्या बाजूला उत्तर. बरोबर आलेले कार्ड पुढच्या कप्प्यात, चुकलेले पुन्हा पहिल्या कप्प्यात, आणि पहिला कप्पा रोज बघायचा. ही पद्धत सेबास्टियन लाइटनर या जर्मन पत्रकाराने १९७० च्या दशकात लोकप्रिय केली. मिठाईच्या खोक्यात पुठ्ठ्याचे दोन आडवे तुकडे घातले की तीन कप्पे तयार होतात.

रंगीत पेनांनी अधोरेखन करण्याची मुलांना मोठी हौस असते. डनलॉस्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये अभ्यासाच्या दहा पद्धतींवरचे संशोधन तपासले, तेव्हा स्वतःची चाचणी घेणे आणि अंतर ठेवून सराव करणे या दोन पद्धती वरच्या ठरल्या, आणि अधोरेखन व पुनर्वाचन खालच्या. म्हणून मी पेन हिसकावून घेत नाही, पण रंगवलेले पान म्हणजे झालेला अभ्यास असे धरतही नाही.

भाषेचा प्रश्न

नाशिकमधल्या अनेक मराठी शाळांत सेमी इंग्रजीचे वर्ग आहेत, म्हणजे गणित आणि विज्ञान इंग्रजीतून आणि बाकीचे विषय मराठीतून. सिडको-सातपूर भागात खान्देशातून आलेली बरीच कुटुंबे आहेत, आणि बागलाण-मालेगावकडच्या मुलांच्या घरीही अहिराणी बोलली जाते. अशा मुलाला घरची एक भाषा, शाळेची दुसरी आणि गणिताची तिसरी, अशी कसरत करावी लागते. तुम्ही स्वतः मराठी माध्यमात शिकला असाल तर समीकरण म्हणजे इक्वेशन, कर्ण म्हणजे हायपोटेनस, अपवर्तन म्हणजे रिफ्रॅक्शन, सहगुणक म्हणजे कोइफिशंट, अशी जोडशब्दांची यादी धड्यागणिक तयार ठेवावी. समजावताना मूल ज्या भाषेत विचार करते ती वापरावी, आणि लिहून घेताना मात्र पेपरची भाषा वापरावी. समजावणेही इंग्रजीतूनच व्हावे असा आग्रह काही पालक धरतात. तो नम्रपणे नाकारावा. मुलाला इंग्रजी येत नाही आणि गणितही येत नाही, अशी दुहेरी पंचाईत त्यातून होते.

परीक्षेची तयारी

दहावीच्या परीक्षेची रचना शिक्षकाला तोंडपाठ असायला हवी. भाषांच्या लेखी परीक्षा ऐंशी गुणांच्या आणि तीन तासांच्या असतात, तर गणित, विज्ञान आणि सामाजिक शास्त्रे यांचे दोन-दोन भाग प्रत्येकी चाळीस गुणांचे आणि दोन तासांचे असतात. प्रत्येक विषयाचे उरलेले वीस गुण अंतर्गत किंवा तोंडी-प्रात्यक्षिक मूल्यमापनाचे असतात. हे वीस गुण मुले गृहीत धरतात आणि प्रयोगवही शेवटच्या आठवड्यात कुणाची तरी बघून उतरवतात. प्रयोगवही दर महिन्याला एकदा तुमच्यासमोर उघडली जाईल, एवढी व्यवस्था तरी करावी.

चाळीस गुणांना एकशेवीस मिनिटे म्हणजे एका गुणाला तीन मिनिटे, हा हिशेब मुलांना सुरुवातीपासून द्यावा. आम्ही त्यातली पंधरा मिनिटे तपासणीसाठी आधीच बाजूला काढतो, म्हणजे गुणामागे अडीच मिनिटांहून थोडा अधिक वेळ उरतो. अलीकडे मंडळ पेपरच्या शेवटी दहा मिनिटे वाढीव देते. ती योजनेत धरू नयेत, मिळाल्यावर वापरावीत. गणिताच्या पेपरात पहिले दोन प्रश्न मिळून वीस गुणांचे असतात आणि त्यांत बहुपर्यायी, एक गुणाची आणि दोन गुणांची उदाहरणे येतात. काठावरच्या मुलाने आधी हे वीस गुण हस्तगत करावेत. भूमितीत भौमितिक रचनांचे प्रश्न सरावाने हमखास येण्यासारखे आहेत, तरी कितीतरी मुले बोथट पेन्सिल आणि सैल कंपास घेऊन ते गुण सोडून येतात.

विज्ञानात ‘शास्त्रीय कारणे लिहा’ आणि ‘फरक स्पष्ट करा’ या प्रश्नांना मुले गोष्ट सांगितल्यासारखी उत्तरे लिहितात. दोन गुणांसाठी दोन स्वतंत्र मुद्दे लागतात, फरक लिहिताना दोन्ही बाजूंचे मुद्दे एकमेकांसमोर यावे लागतात, आणि आकृतीला नावे दिली नाहीत तर गुण जातात. हे सांगून पटत नाही. मी मुलांना एकमेकांचे पेपर तपासायला देते. दुसऱ्याच्या उत्तरात मुद्दा शोधताना स्वतःचे उत्तर परीक्षकाला कसे दिसते ते त्यांना उमगते, आणि ती माझ्यापेक्षा कठोर गुण देतात. भाषांच्या बाबतीत प्रश्नपत्रिकेऐवजी कृतिपत्रिका असते, म्हणून धड्यांची प्रश्नोत्तरे पाठ करून भागत नाही. न पाहिलेला उतारा वाचून कृती सोडवण्याचा आणि उपयोजित लेखनाचा सराव दर आठवड्याला व्हायला हवा. ‘अपेक्षित’ छाप प्रश्नसंच डिसेंबरपर्यंत घराबाहेरच ठेवावेत, असे माझे मत आहे.

वेळापत्रक उलट बाजूने आखावे. लेखी परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये, तोंडी आणि प्रात्यक्षिके त्याआधी, शाळेची पूर्वपरीक्षा साधारण जानेवारीत. तेव्हा अभ्यासक्रमाचे पहिले वाचन दिवाळीपर्यंत संपले पाहिजे. डिसेंबरपासून दर रविवारी एक पूर्ण पेपर, खऱ्या वेळेला म्हणजे अकरा वाजता, घड्याळ लावून, मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवून सोडवून घ्यावा. तपासलेला पेपर त्याच दिवशी परत द्यावा आणि त्यातल्या चुका चूकवहीत गेल्याशिवाय पुढचा पेपर देऊ नये. पेपरांची संख्या वाढवत नेण्याचा सोस पालकांना असतो. पंचवीस पेपर सोडवून त्याच चुका पंचवीस वेळा करणारी मुले मी पाहिली आहेत.

आपल्या भागाच्या काही अडचणीही वेळापत्रकात धराव्यात. निफाड-दिंडोरी पट्ट्यातल्या मुलांच्या घरी फेब्रुवारी-मार्चमध्ये द्राक्षांची काढणी जोरात असते आणि घरातला प्रत्येक हात बागेत लागतो. अशा मुलाची मोठी उजळणी जानेवारीतच उरकावी आणि वडिलांशी आधी बोलून सकाळचे दोन तास मागून घ्यावेत. रंगपंचमी अनेकदा ऐन परीक्षेच्या दिवसांत येते. जुन्या नाशकात तिवंधा चौकात, दिल्ली दरवाज्याला रहाडी, म्हणजे रंग खेळायचे जमिनीतले जुने हौद, उघडल्या की दिवसभर ढोल थांबत नाहीत, आणि त्या भागातल्या मुलाला ‘आज बाहेर जाऊ नकोस’ असे सांगणे मला स्वतःला कधी जमलेले नाही. पुढचा पेपर दोन दिवसांवर असेल तर तासभर रंग खेळून, आंघोळ करून, दुसऱ्या भागातल्या मावशी-आत्याकडे अभ्यासाला जाण्याचे मी सुचवते. सिंहस्थाच्या वर्षी पर्वणीच्या दिवशी पंचवटीकडचे रस्ते बंद असतात, म्हणून त्या तारखा आधीच पाहून तासांची फेरआखणी करावी.

लहान मुलांची शिष्यवृत्ती परीक्षा हा वेगळा विषय आहे. महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेची ही परीक्षा पूर्णपणे बहुपर्यायी असते. एका पेपरात प्रथम भाषा आणि गणित, दुसऱ्यात तृतीय भाषा आणि बुद्धिमत्ता चाचणी, प्रत्येकी पंचाहत्तर प्रश्न आणि दीडशे गुण, वेळ दीड तास. म्हणजे एका प्रश्नाला सव्वा मिनिटाहून कमी वेळ मिळतो. ही परीक्षा कोणत्या इयत्तांसाठी असते ते शासनाने याआधी बदललेले आहे, तेव्हा चालू वर्षाची अधिसूचना पाहूनच मूल घ्यावे. उत्तरपत्रिकेतले वर्तुळ काळे करण्याचा सराव मात्र खरोखर करून घ्यावा. दहा-अकरा वर्षांची मुले एक प्रश्न सोडून देतात आणि पुढची सगळी वर्तुळे एका ओळीने चुकवतात.

पालकांशी बोलणे

महिन्यातून एकदा पंधरा मिनिटे पालकांसाठी ठेवावीत, आणि त्या वेळी मूल समोर असावे. गुणांपासून सुरुवात न करता चूकवही उघडावी आणि मागच्या महिन्यात कोणती चूक होत होती, आता ती कुठवर आली आहे, हे मुलानेच दाखवावे. शेजारच्या मुलाशी होणारी तुलना तिथल्या तिथे, पण सौम्यपणे थांबवावी. पास होण्यासाठी पस्तीस गुण लागतात, आणि काही मुलांसाठी पस्तीसवरून पन्नासवर जाणे हे दुसऱ्या कुणाच्या नव्वदहून मोठे काम असते, हे आई-वडिलांना आपणच सांगितले पाहिजे. मुलगा एका-दोन विषयांत राहिला तरी पुरवणी परीक्षा असते आणि एटीकेटीची सवलत घेऊन अकरावीत जाता येते, ही माहितीही निकालाच्या दिवसाची वाट न पाहता आधीच द्यावी. ज्या घरात हे ठाऊक असते, त्या घरातली जानेवारी-फेब्रुवारीतली भांडणे पुष्कळ कमी होतात.

शेवटचा आठवडा

शेवटच्या आठवड्यात नवा धडा उघडू नये. चूकवही, कार्डे आणि सोडवलेले पेपर एवढेच साहित्य टेबलावर असावे, आणि रात्रीची झोप कमी करून तास वाढवू नयेत. परीक्षा केंद्र दुसऱ्या शाळेत असते, म्हणून एकदा आधी जाऊन रस्ता पाहून यावा. सिटीलिंकच्या बसने जायचे असेल तर त्याच वेळेची बस धरून पाहावी. अकराच्या पेपरसाठी साडेदहाला केंद्रात असावे लागते. हॉल तिकीट, दोन निळी पेने, टोक केलेल्या दोन पेन्सिली, कंपासपेटी आणि पाण्याची बाटली आदल्या संध्याकाळी मुलाने स्वतः पिशवीत भरावी, आईने नाही.

पेपर सुटल्यावर मुले फाटकाबाहेर उत्तरे पडताळत उभी राहतात. माझ्याकडच्या मुलांना मी सांगून ठेवलेले असते की मला फोन करायचा तो पुढच्या पेपरबद्दल काही विचारायचे असेल तरच, आणि त्यांनी झालेल्या पेपराचा विषय काढला तर मी ‘जेवलास का?’ असे विचारते.